मास्तर, शिपाई आणि गप्पी मासे

नाल्याचं पाणी हुंगून गावात लग्न कुठे आहे हे सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बुऱ्हाणपूरच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात ते प्रयोगशाळा सांभाळत, मी पंप. पूर्वी शाळेत रसायनशास्त्र शिकवलेलं, म्हणून सगळ्यांचे मास्तर. सकाळी बाटली नाकाशी धरून डोळे मिटायचे. "लोधीपुऱ्यात पंगत आहे आज. आणि भैया, तूप खरं आहे!" आम्ही सायकलवर टांग मारायचो. मांडव असायचाच. तुपाची खात्री पानावर बसून करून घ्यायचो.

बाजार खुला झाला आणि मास्तरांच्या नाकाची झोप उडाली. "पूर्वी नाल्यात शिकेकाई यायची, आता दुनियाभरचं शाम्पू येतं," म्हणायचे. आमच्याकडे पाण्यात क्लोरीन सोडत. मास्तरांना तो पुरेसा वाटत नसे. "क्लोरीन म्हणजे दारावरचा शिपाई. जंतू दिसला की हाणला. पण गोळ्या, साबण, प्लास्टिक यांतून येणारी काही द्रव्यं बहुरूपी असतात. शरीरातल्या हार्मोनचं सोंग घेतात. शिपाई दोघांना पकडतो, तिसरा त्याला सलाम ठोकून थेट तापीत! ओझोन पाहिजे. तो सोंगच उतरवतो."

पुरावा म्हणून त्यांनी गप्पी मासे पाळले होते. शुद्ध केलेलं पाणी क्लोरीन उडेपर्यंत उन्हात ठेवायचं, मग टाकीत ओतायचं. काही आठवड्यांत नरांच्या शेपट्यांचे रंग फिके पडले. माद्यांमागे धावणंही थांबलं. "बघ, बायको समोर आहे आणि हा पेन्शनरासारखा बसलाय," मास्तर कळवळून सांगायचे. तुलनेला स्वच्छ पाण्यातले मासे ठेवावेत म्हणून दुसरी टाकी मागितली, तर अर्जावर शेरा आला : एक टाकी असताना दुसरी कशाला?

अखेर ओझोनच्या यंत्राचा निर्णय करायला भोपाळहून साहेब येणार असं ठरलं. मास्तरांच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं. "आत्ता नाही तर माझ्या हयातीत नाही," एवढंच बोलले.

त्या सकाळी मी टाकी पुसायला घेतली आणि मलाच लाज वाटली. असले मरतुकडे मासे साहेबांना दाखवायचे? आमच्या गावात पाहुण्यापुढे टवका उडालेला कपसुद्धा ठेवत नाहीत! मी मासे बादलीत काढले, बादली टेबलाखाली सरकवली, आणि इतवारा मोहल्ल्यात डासांच्या अळ्या खायला गप्पी पाळलेल्या हौदातून ताजे, झगमगीत आणून सोडले. मास्तरांना खूश करायचं म्हणून सांगितलं नाही.

साहेब आले. चहा आला. टाकीकडे पाठ करून मास्तर रंगात आले. "पाहा साहेब, हे अभागी नर! रंग नाही, उत्साह नाही, संसारात मन नाही!"

त्यांच्या पाठीमागे मोरासारख्या शेपट्या फुलवून वरातच चालली होती.

"मास्टरजी," साहेब म्हणाले, "ये तो बड़े शौकीन लग रहे हैं."

मास्तर वळले. त्या खोलीत रंग उडालेला नर आता एकच होता.

मी बादली ओढून काढली आणि सगळं कबूल केलं. मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी हात पुढे केला, छडी खायला. त्यांनी हातात काचेची बरणी दिली. "ओत." फिके मासे बरणीत आले. बरणी टाकीशेजारी ठेवून मास्तर म्हणाले, "साहेब, इतवाऱ्याच्या हौदातले हे. आपण शुद्ध केलेल्या पाण्यातले हे. दुसरी टाकी मी केव्हाची मागत होतो."

साहेबांनी वाकून आधी टाकी पाहिली, मग बरणी.

"ये पानी जाता कहाँ है?"

"तापीत."

"और तापी का?"

"तुमच्या हातातल्या चहात, साहेब."

साहेबांनी कप खाली ठेवला. चाचणीपुरतं छोटं यंत्र मंजूर झालं.

त्या यंत्रातून आलेल्या पाण्यात सोडलेले नर शेवटपर्यंत रंगीत राहिले, आणि भांडखोरही. निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ झाल्यावर मी मास्तरांपुढे त्याच पाण्याची बाटली धरली. "बोला मास्तर, लग्न कुठे?"

त्यांनी हुंगलं. डोळे मिटून पुन्हा हुंगलं.

"काहीच कळत नाही रे," ते म्हणाले, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "शाब्बास!"

ते शाब्बास यंत्राला होतं की मला, हे मी विचारलं नाही. घेऊन टाकलं.