गुलाबभाऊंची शांग्रिला

हरिदास कंडक्टरने गुलाब दहिवलेंना पहिल्यांदा पाहिलं ते १९८२ साली, मोहर्लीच्या रस्त्यावर, एसटीच्या ऐन पुढ्यात. हात असे पसरलेले, की एक चंद्रपूरला लागावा अन् दुसरा गडचिरोलीला. ड्रायव्हरला आधी वाघ वाटला, मग अस्वल, मग तिकीट तपासनीस. तेव्हा कुठे त्याने ब्रेक दाबला. टपावरच्या कोंबड्या उडाल्या. त्यातली एक म्हणे अजून खाली आलेली नाही.

पसरलेल्या एका हातात चहाची किटली होती.

"इथी माह्यं हॉटेल हाये जी. शांग्रिला. गाडी आली का पुकारत जा."

"भाडेतक्त्यात नाई हे नाव."

"मंग चहा तं घ्या!"

गुलाबभाऊ वीस वर्षं जंगलातल्या विश्रामगृहात स्वयंपाकी होते. तिथे उतरलेल्या एका पाहुण्याने त्यांना गोष्ट सांगितली: बर्फाच्या डोंगरांआड एक दरी आहे, तिथे माणसं लवकर म्हातारी होत नाहीत. दरी कुणा लेखकाच्या डोक्यातली. पण नाव असं गोड, की जगभरच्या हॉटेलांना, बंगल्यांना लागलं. पाहुण्याच्या नागपूरच्या बंगल्यालाही.

"जागा खोटी, तरी नाव चालते," गुलाबभाऊ बायकोला म्हणाले. "आपली जागा तं खरी हाये!"

"अन् डोंगर कुठी हाये?" मनकर्णाबाईंनी विचारलं. टपरीच्या उंचवट्यावर म्हातारी शेळीसुद्धा धाप न लागता चढत असे.

डोंगर जाफर पेंटरने पाटीवर काढले. जाफरने बर्फ पाहिला होता तो फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर. त्याने पांढरेशुभ्र तीन ढीग रंगवले, वर थोडी वाफही सोडली. धानाच्या मुलखातली माणसं ती. पाटी पाहून उतरायची अन् भात मागायची. मनकर्णाबाई आठवडाभर चिडल्या, मग त्यांनी भाताचा मोठा गंज चुलीवर चढवला. वर्षभरात 'भाताची पाटी' साऱ्या रस्त्याला ठाऊक झाली. गुलाबभाऊंचं पोट सुटलं. उपाशी राहिले ते फक्त कान.

रोज दुपारी गाडी आली, की 'शांग्रिला'चा पुकारा ऐकायला ते दारात येऊन उभे राहत. अशी चार वर्षं गेली. शेवटी हरिदास खाल्ल्या भाताला जागला. एके दिवशी त्याने छाती भरून पुकारलं, "शांग्रिलाऽऽ!"

कुणी हललं नाही. बाजाराहून परतणारी ठमाबाई मागून ओरडली, "काऊन थांबवली रे? बिघडली का गाडी?"

हरिदासने कपाळाला हात लावला. "भाताची पाटी!"

अकरा जण उतरले.

"आयकलं का?" गुलाबभाऊंचा चेहरा उजळला होता. "पुकारलं त्यानं!"

"आयकलं. पण उतरलं कोण?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"अवं, तिथी कोणी उतरतच नसते. ती जागाच नाई ना!" म्हणत त्यांनी अकरा ताटं मांडली आणि सगळ्यांना वरणावर तूप वाढलं.

१९८८ साली एसटीने टपरीसमोर लोखंडी फलक रोवला. त्यावर दोन्हीपैकी एकही नाव नव्हतं; नुसतं लिहिलं होतं: विनंती थांबा.