मला कळलं नाही, परत सांगा

जामसंडेकर बाई पहिल्यांदा माझ्या दुकानात आल्या तेव्हा अर्ध्या तासात पाच वेळा म्हणाल्या, "मला कळलं नाही, परत सांगा." दुबईत, देऱ्यात माझं जुने फ्रीज आणि एसी दुरुस्त करून विकायचं दुकान होतं. एसी मेकॅनिकच्या हाताखाली पाने उचलण्यापासून सुरुवात करून मी ते उभं केलं होतं. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत मी त्याचा खिसा ओळखायचो. ही बाई म्हणजे सोपं काम, असं मी धरून चाललो.

माझी एक पद्धत होती. फ्रीजला पोचा असला तर तो मी स्वतःहून आधी दाखवायचो. बाईंनाही दाखवला. त्या म्हणाल्या, "विकायला बसलात आणि खोट आधी दाखवताय? मला कळलं नाही." बायकोलाही न सांगितलेलं गुपित माझ्या तोंडून गेलं. "बाई, पोचा दाखवला की माणूस विश्वास ठेवतो. मग बाकीचं तपासत नाही."

"अस्सं," म्हणाल्या. पर्स खाली ठेवली आणि बाकीचं तपासायला बसल्या. दाराचं रबर, मागची जाळी, कॉम्प्रेसरचा आवाज. शेवटी फ्रीज त्यांच्या भावात गेला, वर शारजापर्यंत पोचवायचं भाडं माझ्याकडे.

शारजातल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये त्या रक्त तपासायच्या. मूळच्या देवगडच्या, एकट्या राहायच्या. संध्याकाळी बिल्डिंगमधल्या मुलांना केमिस्ट्री आणि बायोलॉजी शिकवायच्या. टॅक्सीवाला पठाण असो की मोठा इजिप्शियन डॉक्टर, समजलं नाही की त्यांचं वाक्य तयार. हिंदीत, इंग्रजीत, मोडक्यातोडक्या अरबीत. मला त्याची लाज वाटायची, त्यांच्या वतीने.

पुढे काही वर्षांनी माझी मंजिरी तिथल्याच एका कॉलेजात गेली. तिला डॉक्टर व्हायचं होतं. मेडिकलला घेताना कॉलेजातले मार्क बघणार आणि मुलाखत घेणार, असा तिथला नियम. शाळेत वर्गात पहिली आलेली पोर. पहिल्या वर्षाचा निकाल आला आणि केमिस्ट्रीत ती जेमतेम काठावर, बायोलॉजीत त्याच्या थोडी वर.

मी घर डोक्यावर घेतलं. मग मला जे येतं ते केलं. खजुराचा एक चांगला डबा घेऊन केमिस्ट्रीच्या प्रोफेसराकडे गेलो आणि घासाघीस सुरू केली. हुशार मुलगी आहे, थोडे वाढवा, पुढच्या वर्षी ती भरून काढेल. लेबनानी माणूस. मला कॉफी पाजली, डबा परत माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, "हबीबी, मार्कांचं खलास. पण वर्षभरात तुमची मुलगी एकदाही मला काही विचारायला आली नाही. का?"

का ते मला ठाऊक नव्हतं. मंजिरीची आई म्हणाली, त्या फ्रीजवाल्या बाईंना बोलवा.

बाई आल्या, चहाचा कप घेऊन मंजिरीसमोर बसल्या. "काय कळत नाही तुला?"

"नथिंग, आँटी. आय मीन, एव्हरीथिंग इज फाइन."

"मला कळलं नाही. सगळं फाइन, तर मार्क असे का?" बाईंनी हेच चार तऱ्हांनी विचारलं. तेव्हा मंजिरी रडायला लागली. पहिल्या महिन्यापासून लेक्चर तिच्या डोक्यावरून जात होतं. "देन व्हाय डिडन्ट आय आस्क? बिकॉज बाबा सेज, समोरच्याला कधी कळू द्यायचं नाही की आपल्याला माहीत नाही."

हे मीच शिकवलं होतं, शुक्रवारी दुकानात शेजारी बसवून. धंद्याचा पहिला नियम म्हणून.

बाई माझ्याकडे वळल्या. "अहो कदम, पोरगी नापास झाली नाही. तिने तुमचं दुकान कॉलेजात मांडलं."

माझ्या घरात, माझ्या पोरीसमोर, माझा चहा पिताना. मी म्हटलं, "बाई, तुम्हाला शिकवायला बोलावलंय, न्यायनिवाडा करायला नाही."

"रागवा. पण उद्यापासून हिला साडेपाचला पाठवा."

पाठवलं. पण बाईंशी बोलणं बंद केलं. दीड वर्ष मी मंजिरीला त्यांच्या बिल्डिंगपाशी सोडायचो आणि खाली गाडीत बसून राहायचो. एकदा त्या स्वतः खाली आल्या, काचेवर टकटक केली. "वर पंखा आहे, खुर्ची आहे, आणि तुम्ही इथे पेट्रोल जाळताय. मला कळत नाही." मी काच वर केली. त्यानंतर मंजिरी दर वेळी माझ्यासाठी खाली कोकम सरबताचा ग्लास आणायची. तो मात्र मी प्यायचो.

बाई तिला मार्क विचारत नसत. दारातच विचारायच्या, "आज कॉलेजात काय विचारलंस?" उत्तर आलं नाही तर त्या दिवशी शिकवणी नाही, उद्या विचारून ये. पहिल्या आठवड्यात तीनदा परत पाठवलं. मग पोर विचारायला लागली. केमिस्ट्री तिने पुन्हा घेतली. पुढच्या सेमिस्टरला मार्क चढले, त्यापुढे आणखी. शेवटच्या निकालात तर प्रत्येक विषयात वरची ग्रेड. पण ते पहिलं वर्ष कागदावरून हलत नव्हतं. मेडिकलचा फॉर्म भरायची वेळ आली आणि मला तेवढंच दिसत राहिलं.

मला एक युक्ती सुचली. पहिल्या वर्षी मुलगी आजारी होती, असं सर्टिफिकेट जोडायचं. हॉस्पिटलात ओळख होती ती फक्त बाईंची. रुसवा गिळून मी त्यांचे जिने चढलो.

त्यांनी ऐकून घेतलं. "मला कळलं नाही, परत सांगा."

मी परत सांगितलं, जरा आवाज चढवून.

"परत सांगा."

तिसऱ्यांदा ते माझ्या तोंडून निघेना. कोपऱ्यात माझाच फ्रीज घरघरत होता. बाईंनी त्याच्या पोच्यावर हात ठेवला. "हा मला आधी दाखवलात ना? मग पोरीचा का लपवताय? ते वर्ष तिलाच पुढे ठेवू द्या. आणि बाकीचं मुलाखत घेणाऱ्यांना तपासू द्या. बाकीचं चांगलं आहे, कदम."

मुलाखतीला मी बाहेर बसलो होतो. मंजिरी बाहेर आली, गाडीत बसली, पट्टा लावला. मी म्हटलं, "काय झालं?"

"त्यांनी विचारायच्या आधीच मी फर्स्ट इयरचं सांगितलं."

"कारण काय दिलंस?"

"ट्रुथ. तुमचा रूल सांगितला. दे लाफ्ड, बाबा. पण मग तासभर केमिस्ट्री विचारली. दोन प्रश्नांना मी म्हटलं, मला माहीत नाही."

परक्या माणसांत माझं हसं झालं म्हणून शारजा येईपर्यंत मी रेडिओ मोठा करून ठेवला. सीट मिळाल्याचं पत्र आलं तेव्हा मंजिरी आधी बाईंकडे धावली. तेही माझ्या लक्षात आहे.

बाई रिटायर होऊन देवगडला गेल्या. जाताना फ्रीज मला परत विकला आणि त्यातही मलाच हरवलं. एअरपोर्टवर मी सोडायला गेलो होतो. म्हणाल्या, "अजून राग आहे?" म्हटलं, "आहे." "असू दे. तब्येतीला जपा." गेल्या पावसाळ्यात त्या वारल्याचा त्यांच्या भाच्याचा फोन आला. तो फ्रीज मी विकलेला नाही. दुकानात मागे चालू आहे.

पोरीसमोर बाईंनी मला तसं बोलायला नको होतं, हे माझं आजही म्हणणं आहे.

गेल्या महिन्यात छातीत दुखलं म्हणून मंजिरीच्या हॉस्पिटलात गेलो. पांढऱ्या कोटातल्या माझ्या मुलीने रिपोर्ट समोर धरून सगळं समजावलं. मी दर वाक्याला मान हलवत होतो.

"कळलं ना, बाबा?"

"हो, हो," म्हणालो आणि उठलो. दारापर्यंत गेलो. मग परत आलो, खुर्चीत बसलो.

"मला कळलं नाही," मी म्हणालो. "परत सांग."

तिने खुर्ची जवळ ओढली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.