चावलं नव्हतं

माझ्या थोरल्या जावेला कुत्रं चावलं नव्हतं. हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता सांगायचा कंटाळा येतो. कुणी विचारलं, आक्का कशाने गेल्या, तर मी म्हणते, कुत्र्यापायी. समोरची बाई चुकचुकते आणि लगेच विचारते, "कुठं चावलं व्हतं? पायाला का हाताला?" मग मला राग येतो. तिचा नाही, कारण तिने विचारलं ते कुणीही विचारेल. आम्हीसुद्धा तेच विचारलं होतं. तेवढं एकच विचारलं आणि गप्प बसलो.

आमचं घर ईट गावाच्या अलीकडं, शेतातच आहे. घराला लागून खव्याची भट्टी. आजूबाजूच्या वस्त्यांवरचं दूध सकाळ-संध्याकाळ आमच्याकडं येतं. दीर दूध मोजून घेतात, माझा नवरा खवा बार्शीला पोचवतो आणि कढईपुढं उभं राहायचं काम आम्हा दोघी जावांचं. लोकांना वाटतं, खवा करतात म्हणजे घरात सारखं गोडधोड चालू असेल. या म्हणावं एकदा. खाली लाकडाचा जाळ, वर उकळतं दूध आणि हातातलं उलथणं क्षणभरही थांबता कामा नये. हात थांबला की दूध बुडाला लागतं, करपट वास येतो आणि तो खवा बार्शीहून तसाच परत येतो. आक्कांचा खवा कधी परत आला नाही. माझा पहिल्या वर्षात चारदा आला.

माझं माहेर कळंबचं. बारावीपर्यंत शिकले. एवढ्या भांडवलावर सासरी मला सगळे 'मास्तरीण' म्हणायचे. औषधाच्या पाकिटावरचं, फोनवर आलेलं, शाळेतून आलेलं, काहीही असलं की माझ्याकडं यायचं. "बघ गं मास्तरणी, काय लिव्हलंय." आक्का चौथीतून घरी बसलेल्या. त्या माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या, पण वाचायची गोष्ट आली की लेकरासारख्या माझ्या तोंडाकडं बघत बसायच्या. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. कढईपुढं मी कच्ची होते, तिथं तरी माझा शब्द चालायचा.

भट्टीवर एक कुत्री होती. आम्ही काही ती पाळली नव्हती. जिथं खव्याची भट्टी असते तिथं कुत्रं आपोआप येतं आणि कुणी हाकललं नाही की राहतं. तिला नाव नव्हतं. आक्कांनी नुसतं "यू यू" केलं की ती ओढ्यापलीकडून धावत यायची. खवा उतरवला की कढईच्या कडांना चिकटलेली खरवड आक्का उलथण्याने काढायच्या आणि दगडावर तिच्यासाठी टाकायच्या. त्या कुत्रीला दम म्हणून नव्हता. निवायच्या आत तोंड घालायची, तोंड भाजायचं, मग केकाटत पळायची आणि चिंचेखाली लाळ गाळत बसायची. आठवड्यातून एकदा तरी हे व्हायचंच. मग आक्का बोटावर लोणी घेऊन तिच्या जिभेला, टाळूला लावायच्या. ती मुकाट्याने लावून घ्यायची.

मी लांबून बघायची. मला कुत्र्याची भीती वाटते आणि किळसही येते. आक्का हसायच्या, "एवढं शिकून कुत्र्याला भेती गं तू."

दुपारी भट्टी थंड असायची. तेव्हा आक्का वाकळ शिवायला बसायच्या. गावातल्या बाया जुनी लुगडी, धोतरं आणून द्यायच्या आणि आक्का त्यांचे चार-पाच थर एकावर एक अंथरून कडेकडेने आतवर शिवत यायच्या. असा बारीक, एकसारखा टाका आमच्या भागात दुसऱ्या कुणाचा नव्हता. हे मी जाऊ म्हणून सांगत नाही, त्यांच्या वाकळी सासरी जाणाऱ्या पोरींबरोबर पार भूमपर्यंत गेल्यात. वरच्या हाताने सुई टोचायची आणि वाकळीखालच्या डाव्या हाताच्या बोटाने तिचं टोक चाचपून तिला परत वर वळवायचं, अशी त्यांची पद्धत. मी एकदा शिंप्याकडची बोटात घालायची लोखंडी टोपी आणून दिली, तर म्हणाल्या, "टोपी घातल्यावर सुई कुठं आली ते बोटाला कसं कळंल?" त्यामुळं त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं कायम टोचलेली असायची. रक्ताचा ठिपका आला की त्या लुगड्याला पुसायच्या आणि पुढचा टाका घालायच्या. त्या बोटांना जखम झालीय असं आमच्यात कुणाला कधी वाटलं नाही. त्यांना स्वतःलाही नाही.

श्रावण संपत आला होता, गणपती तोंडावर होते. त्या दिवसांत खव्याची मागणी दुप्पट होते आणि आम्हाला जेवायला सवड नसते. एका सकाळी कुत्रीने खरवडीला तोंड लावलं नाही. चिंचेखाली बसून होती. जबडा लोंबत होता, लाळेची तार जमिनीपर्यंत आली होती आणि घशात काही अडकल्यासारखी मधूनच खाकरत होती.

दुसऱ्या कुणाच्या दारात असं कुत्रं दिसलं असतं तर माणसांनी पोरं घरात घेतली असती. आमच्या दारात मात्र लाळ गाळणारी कुत्री रोजचीच. शिवाय पिसाळलेलं कुत्रं म्हणजे गावभर पळतं, दिसेल त्याला चावतं, एवढंच आम्हाला ठाऊक. ही तर बिचारी गरीब होऊन बसलेली.

"आज लईच भाजलंय गं हिला," आक्का म्हणाल्या. "घशात बी काय तरी अडकलंय. लोणी आण."

मी वाटी आणली, जमिनीवर ठेवली आणि मागं सरले. आक्कांनी उजव्या हाताने तिचा जबडा धरला आणि डाव्या हाताची बोटं पार घशापर्यंत घालून चाचपलं. काही सापडलं नाही. मग लोणी लावलं. कुत्री चावली नाही, गुरगुरलीही नाही. आक्कांचा हात मनगटापर्यंत ओला झाला. त्यांनी तो आधी पदराला पुसला, मग हौदावर धुतला आणि परत कढईपुढं येऊन उभ्या राहिल्या.

तिसऱ्या दिवशी कुत्री ओढ्याच्या काठाला मरून पडलेली दिसली. दिरांनी पोत्यात घालून तिला पुरलं. आक्का रडल्या. त्या दुपारी जेवल्या नाहीत आणि वाकळ घेऊन बसल्या, पण हात चालेना. डाव्या हाताची बोटं उलटसुलट करून बघत होत्या. मग मला म्हणाल्या, "ते कुत्रं धड नव्हतं वाटतं. म्या तोंडात हात घातलता. दवाखान्यात जाऊन सुई घिऊ का गं?"

मी विचारलं, "चावलं का तुम्हाला?"

"न्हाय."

"दात लागला?"

"न्हाय. नुसता हात घातला."

"मग कशाला? चावलं तरच सुई देतेत."

हे मी कुठंही वाचलं नव्हतं. कुणी सांगितलंही नव्हतं. तरी औषधाच्या पाकिटावरचं वाचून दाखवताना माझा जो आवाज असायचा, त्याच आवाजात मी ते सांगितलं. आणि खरं सांगायचं तर सुईचा विचार माझ्या मनात नंतर आला. आधी आलं ते हे, की आक्का आत्ता दवाखान्यात गेल्या तर संध्याकाळच्या दुधाला दोन कढयांपुढं मी एकटी. माझी कंबर सकाळपासून धरली होती. आक्का "बरं" म्हणाल्या आणि त्यांनी सुईत दोरा ओवला.

गणपती झाले. आमचा एकही खवा परत आला नाही. नवरात्राच्या आधी आक्कांच्या डाव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या, मग हात दंडापर्यंत ठणकायला लागला. वाकळ शिवून शिवून आखडला असेल म्हणून मी रोज तेल लावून चोळून दिला. मग ताप आला. आणि एका सकाळी त्यांच्या घशाखाली चहा उतरेना. पाण्याचा तांब्या पुढं केला की मान मागं जायची, घसा आवळायचा, डोळे मोठे व्हायचे. तहान तर लागलेली. पाणी मागायच्या आणि आणलं की ढकलून द्यायच्या. तालुक्याच्या डॉक्टरने घशाची औषधं दिली. शेजारणीने बाहेरचं काही असेल म्हणून लिंबू उतरवून टाकायला लावलं. त्यात दीड दिवस गेला. मग गाडी करून धाराशिवला नेलं.

तिथले डॉक्टर तरुण होते. त्यांनी आक्कांच्या तोंडावर वहीने थोडा वारा घातला. आक्का अशा दचकल्या, अशा आखडल्या, की दिरांनी त्यांना धरलं. डॉक्टरांनी वही खाली ठेवली.

"कुत्रं चावलं होतं का यांना?"

दीर म्हणाले, "न्हाय साहेब." माझा नवराही "न्हाय" म्हणाला. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. माझ्याही तोंडून "नाही" निघून गेलं. मग मी म्हणाले, "पण तोंडात हात घातला होता."

त्यांनी आक्कांचा डावा हात उलटा केला, बोटं उजेडाकडं धरली. "हे काय टोचलंय एवढं?"

"वाकळ शिवतेत त्या."

त्यांनी हात हळूच खाली ठेवला. नंतर आम्हाला बाहेर नेऊन सांगितलं, की आता काही करता येत नाही. दिरांनी विचारलं, आत्ता सुई दिली तर? डॉक्टर म्हणाले, हात घातला त्या दिवशी किंवा दोन-चार दिवसांत दिली असती तर वाचल्या असत्या. चावायलाच पाहिजे असं काही नसतं, टोचलेल्या बोटाला लाळ लागली तरी पुरतं. दीर भिंतीला टेकून खाली बसले आणि परत परत तेच म्हणत राहिले, "आमाला काय म्हाईत. आमाला काय म्हाईत." मी त्यांच्याशेजारी उभी होते.

घरातल्या सगळ्यांना सुया घ्यायला सांगितलं. पहिली मला तिथंच दिली. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

आक्कांना वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. पंखा बंद, खिडकीला चादर. लोकांना वाटतं असं माणूस शेवटपर्यंत भ्रमात असतं. तसं नसतं. मधेमधे त्या पूर्ण शुद्धीवर असायच्या, आणि तेच बघवायचं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दीर कागदावर सही करायला गेले होते. आत मी एकटीच होते. आक्का थुंकी गिळता येत नाही म्हणून पदराने सारखं तोंड पुसत होत्या. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "लांब ऱ्हा."

मी दाराशी उभी राहिले.

"तू लोन्याची वाटी आणलीस तवा... तुझा हात लागला न्हवता ना तिच्या तोंडाला?"

"न्हाय, आक्का."

"बरं झालं बाई. लई घोर लागला व्हता मला."

मला बोलायचं होतं. तुम्ही मला विचारलं होतं आक्का, आणि मी नको म्हणाले, एवढंच सांगून पाय धरायचे होते. मी तोंड उघडलं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं, आवळलेला घसा सुटायची वाट बघितली आणि एकेक शब्द ओढून काढत म्हणाल्या, "म्या तुला सुईचं इचारलं व्हतं, ते घरात सांगू नगंस. तुला जन्मभर बोलतेल."

मी चटकन मान डोलावली.