घडी मोडायला आलेल्या अक्का

दुपारचं जेवण उरकून मी आडवी होते. डोळा लागलेला नाही, पण उघडाही राहत नाही. पंख्याचा वारा अंगावरून असा जातोय, जसा कुणी पाठीवरून हात फिरवावा. स्वयंपाकघरात रेवती, माझी सून, भांडी विसळतेय. नळाचा आवाज जवळ येतो, लांब जातो, पुन्हा जवळ येतो.

सकाळी आम्ही दोघींनी गडहिंग्लजच्या पेठेत तीन दुकानं पालथी घातली. पिशवी रिकामी नेली आणि रिकामीच परत आणली. आठ दिवसांवर ऋतुजाचं लग्न आलंय. ऋतुजा म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंची, गजराअक्कांची नात. अक्कांना जाऊन चार वर्षं झाली. त्या असत्या तर पोरीला पहिली हळद त्यांनी लावली असती. आता घरात थोरली मी. सदुसष्टाव्या वर्षी हा मान चालत माझ्या दारी आलाय, आणि मी परतताना रिक्षात रेवतीला सांगून टाकलंय, "मी नाही येत लग्नाला. गुडघ्याचं निमित्त सांग."

आत नळ बंद होतो.

"काय गं अनसे, गुडघा कधीपासून साडी नेसायला लागला?"

पायथ्याशी गजराअक्का बसल्यात. पाय वर घेऊन, पदर खोचून, गालात सुपारी धरून. मेलेलं माणूस समोर आलं की भ्यायचं असतं, एवढं मला आठवतं. पण भीती येत नाही. येतो तो शिकेकाईचा वास, त्यांच्या ओल्या केसांचा.

"अक्का, तुम्ही तर..."

"मेले. म्हाईत आहे मला. जन्मात तेवढं एकच काम केलं काय मी? ऊठ. दुकान उघडलंय."

मी उठते. गुडघा दुखत नाही. स्वयंपाकघरातून जाताना रेवती ओट्याशी पाठमोरी उभी दिसते. ती वळत नाही. मागचं दार उघडलं की धुण्याचा दगड लागतो, पण आज तिथं दगड नाही. पांढरी शुभ्र गादी अंथरलीय, लोड लावलेत, आणि छतापर्यंत फळ्या चढत गेल्यात. फळ्यांवर साड्याच साड्या. आम्ही चपला काढून बसतो.

दुकानदाराला चेहरा नाही, नुसता आवाज आहे. सकाळच्या तिन्ही दुकानदारांचा मिळून एक आवाज.

"बसा आजी, टेका निवांत. अरे, आजींना जरा सोबर दाखवा."

वरून साड्या पडू लागतात. एक ताकाच्या निवळीसारखी. एक चुलीतल्या राखेसारखी. एक चहात बुडवून विसरलेल्या बिस्किटासारखी. मांडीवर येतात आणि मासळीसारख्या सुळकन निसटून जातात. एकही ठरत नाही. माझा डावा खांदा उतरल्यापासून असंच होतंय. सिंथेटिकचा पदर घडीभर राहत नाही. पिना टोचून टोचून ब्लाउजांची चाळण झालीय.

"काय हो शेठ," अक्का सुपारी या गालातून त्या गालात घेतात, "आम्हाला लग्नाला जायचंय का दहाव्याला?"

"तसं नाही आजी. या वयाला हेच शोभतं. सगळ्या आज्या हेच नेतात."

"सगळ्या आज्या काय एका साच्यातल्या गणपती हायत?"

दुकानाच्या भिंतीला मोठा आरसा आहे. मी राखाडी साडी खांद्याला लावून बघते. आरशात लोड दिसतो, फळ्या दिसतात, साडी दिसते. साडीत मी दिसत नाही.

"अक्का, मागल्या साली सुताराच्या पोराच्या लग्नात असंच झालं," मी सांगते. "मी बिस्किट रंगाची नेसले होते. कार्यालयाचा पडदाही बिस्किट रंगाचा. फोटो आला तर नातू विचारतो, आजी कुठंय? सगळ्यांनी शोधलं. शेवटी चष्म्यावरून सापडले."

मला वाटतं अक्का हसतील. त्या हसत नाहीत.

"म्हणून लग्नाला जायचं नाही तुला."

"पहिली हळद लावायची म्हणजे चारशे माणसांपुढं उभं राहायचं. पडदा होऊन उभी राहू? त्यापेक्षा घरी बरी."

"आणि पोरीला हळद पडद्यानं लावायची?"

मांडीवरची साडी निसटून जाते.

"हे असलं यांनी का काढलं गं तुझ्यापुढं?"

"वय बघून काढलं."

"खोटं. दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या तू काय बोललीस?"

मला आठवत नाही. पण वरच्या फळीवरच्या एका खोक्यातून आवाज येतो, तो माझाच असतो. "वयाला शोभेल असं साधंच दाखवा हो." दुसऱ्या खोक्यातून तोच. तिसऱ्यातून तोच, जरा दमलेला. "साधंच दाखवा. काही भडक नको बाई आता."

अक्का गादीवर थाप मारतात. "ऐकलंस? हे बिचारे गिऱ्हाईक मागेल ते काढणार. तूच राख मागितलीस, त्यांनी राख दिली."

"मग काय मागू?"

"तू मला विचारतेस? याच पेठेत दुकानदाराला घाम फोडणारी बाई तू. हिरवी दाखवली तर म्हणालीस, राघूचा हिरवा पाहिजे. त्यानं राघूचा दाखवला तर म्हणालीस, हा पाठीचा, मला मानेचा पाहिजे."

आठवतं. मानेचा हिरवा मिळाला होता. अख्खी दुपार गेली, पण मिळाला होता. त्या दिवशी दुकानदार आम्हाला दारापर्यंत पोचवायला आला होता. आदरानं नव्हे, आम्ही खरंच गेलो याची खात्री करायला.

मी हसते आणि गादीला हात टेकते, तर हाताला पाणी लागतं. पांढरी चादर हलतेय, वाहतेय. आम्ही हिरण्यकेशीच्या काठी बसलोय. लोडांचे काळे खडक झालेत, आणि खडकाखडकावर साड्या वाळत घातल्यात. ऊन कोवळं आहे. दुकानदाराचा आवाज कुठल्या कुठे गेला.

त्या साड्या मी ओळखते. जांभळी, चिंतामणी, अबोली, गुलबाक्षी. निम्म्या अक्कांच्या, निम्म्या माझ्या, आणि खरं बघायला गेलं तर सगळ्याच दोघींच्या. कारण आमची रीत होती. नवी साडी घेतली की घेणारीनं आधी नेसायची नाही. दुसरीला द्यायची. तिनं एक दिवस नेसून घडी मोडायची, मग ती साडी आपली. तीस वर्षांत एकदाही चुकलं नाही. अक्कांना साडी देताना मी ओवी म्हणायची आणि त्या चुलीपुढून "पुरे गं" म्हणत हात पुढे करायच्या.

नव्या लुगड्याची घडी, जाऊबाई तुम्ही मोडा
तुमच्या अंगची ऊब, माझ्या पदराला जोडा

"ती अबोली बघ," अक्का बोट दाखवतात. "घडी मोडायला म्हणून नेलीस नि हळदीकुंकवाहून कढीचा डाग घेऊन आलीस."

"चुकून सांडली हो. सतरा वेळा माफी मागितली."

"शेवटी मला तीच नेसवलीत तुम्ही. डाग घेऊन गेले मी वर."

"पुसायला हवा होता का?"

"छे. तिकडं सगळ्या कोऱ्या बसल्यात. माझ्या एकटीच्या पदराला कढी. चारचौघीत ओळखू येते मी."

पाणी खळखळतं. का नदी हसते, कळत नाही. मला मात्र आतून भरून येतं.

"तुम्ही गेल्यावर घडी मोडायला कुणी उरलं नाही, अक्का. पोरांनी दिलेल्या तीन साड्या कपाटात तशाच आहेत. हात लावला की नव्या कोऱ्या कागदासारख्या कुरकुरतात. परक्या वाटतात. मग वाटतं, नकोच काही घ्यायला. जुन्या आहेत त्यात भागवू. निघतील तेवढे दिवस काढू."

"आणि घरात दोन वेळा भाकरी थापणारी बाई तुला दिसत नाही?"

"रेवती? ती ड्रेस घालते. साडी नेसायची तर आधी मोबाइलवर बघते."

"तुला तरी कुठं येत होती? पहिल्या संक्रांतीला देवळाच्या पायरीवर निऱ्या सुटल्या तुझ्या. मी पदर आडवा धरला म्हणून अब्रू राहिली."

"पण ती सून आहे, अक्का. जाऊ नव्हे."

अक्का माझ्याकडे बघतात. डोळे तेच, घारे, कडेला काजळ पसरलेलं.

"आणि मी तुझी कोण होते? तुझ्या नवऱ्याच्या भावाची बायको. देवानं एवढंच नातं दिलं होतं. बाकीचं लुगड्यांनी केलं."

अक्का उठतात, ओचा खोचतात, घोटाभर पाण्यात शिरतात आणि खालून एक साडी ओढून काढतात. ओली, जड, लांबच लांब. इरकल आहे. डाळिंबी. बाहेरच्या सालीचा नव्हे, आतल्या दाण्याचा रंग. उन्हात धरल्यावर आरपार पेटणारा. ही मी कधी पाहिलेली नाही.

"ही कुणाची?"

"अजून कुणाचीच नाही. धर दुसरं टोक. पिळू या."

आम्ही समोरासमोर उभ्या राहतो. त्या एका बाजूनं पिळतात, मी दुसऱ्या. किती वर्षं पिळल्या अशा साड्या! पोत सुती, मधे रेशमाचा हात. हाताला धरून राहणारं कापड आहे, निसटणारं नव्हे. खांद्यावर टाकलं तर ते खांद्याचं ऐकेल. पिळा घट्ट होत जातो आणि अक्का पिळता पिळता गुणगुणतात. ओवी म्हणणारी नेहमी मी, पण आज त्या.

कच्चं गं डाळिंब, आतून असतं फिकं
पिकल्यावर बाई, त्याचं लेणं होतं निकं

"तुम्हाला ओव्या येत होत्या?" मी विचारते.

"येत होत्या. तू म्हणतेस म्हणून मी म्हणत नव्हते. एका घरात दोन गाणाऱ्या झाल्या की भाकऱ्या करपतात."

मी हसता हसता डोळे पुसायला जाते.

"हात सोडू नको," अक्का म्हणतात. "माझी बाजू मी आता सोडणार. पाण्यात पडू देऊ नको."

"थांबा की थोडं. हळद झाली की जा."

"हळदीला तू उभी राहा. मी बघते कुठून तरी. पण दिसेल असं काहीतरी नेस गं बाई. तिकडून बिस्किट दिसत नाही."

पिळा सैल होतो. त्यांच्याकडचं टोक हलकं होतं. मी दोन्ही हातांनी साडी छातीशी ओढून घेते, गच्च धरते, मुठीतून पाणी गळतं, कोमट, लाल.

"आई. आई, चहा."

पंखा फिरतोय. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलंय. रेवती कप घेऊन उभी आहे. माझी उजवी मूठ छातीशी आवळलेली आहे. ती सोडवायला मला दोन क्षण लागतात.

"अगंबाई, हाताला काय लागलं तुमच्या?"

मी तळवा उघडते. मधोमध, रेषारेषांत भरून, डाळिंबी रंग. चादर पांढरी स्वच्छ आहे. उशीवर काही नाही. माझ्या अंगावरचं पातळ राखाडी आहे, त्याला असला रंग जन्मात माहीत नाही.

"बीट तर आज चिरलं नाही मी," रेवती पुटपुटते. "कुंकू आहे का?"

"रंग आहे," मी म्हणते. "रेवती, या रंगाची साडी कुठं मिळेल गं?"

ती कप स्टुलावर ठेवते. माझा हात धरून खिडकीकडे नेते, उजेडात तळवा असा तसा फिरवून बघते. सोनार दागिना बघतो तसा.

"दुसऱ्या दुकानात होती," ती म्हणते. "अगदी अशीच. इरकल. वरून दुसऱ्या फळीवर. मला दिसली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही साधं, साधं म्हणत होता ना. मला वाटलं, रागवाल." मग जरा थांबून, खाली बघत, "माझ्या मनात आलं होतं, तुम्हाला काय दिसेल ती."

माझ्या डोळ्यांत पाणी येतं. ते तिला दिसू नये म्हणून मी चपला शोधते.

"चहा तरी घ्या."

"परत आल्यावर. दुसऱ्या कुणी उचलली तर?" मी पिना ठेवायची डबी हातात घेते आणि परत ठेवून देते. "आणि हे बघ, साडी आणली की आधी तू नेसायचीस. एक दिवस. मग मी."

"मी?" ती हसते, पण डोळे मोठे होतात. "नवी कोरी साडी मी आधी? आणि काही सांडलं तर?"

"सांड खुशाल."

तिला काही कळत नाही. सांगेन वाटेत. ती अजून माझा हात सोडत नाही. तळव्यावरून अंगठा फिरवून बघते, पक्का आहे का जातोय. रंग ओला निघतो. तिच्या अंगठ्याला लागतो. ती अंगठ्याकडे बघते, माझ्याकडे बघते, आणि तो ओढणीला न पुसता तशीच रिक्षा बोलवायला जाते.