मिळण्याआधी आभार

पासष्ट साली पाकिस्तानशी लढाई सुरू झाल्याचे रेडिओने सांगितले, त्याच दिवशी डॉक्टरांनी बाबांना सांगितले की आईच्या पोटात गाठ आहे आणि ती काढता येणार नाही. बाबा आईला रिक्षाने कांचघर मोहल्ल्यातल्या आमच्या दोन खोल्यांत घेऊन आले. मला म्हणाले, "सरू, चहा टाक." मी स्टोव्ह पेटवायच्या आत त्यांनी मान खाली घालून डोळे मिटले.

ही त्यांची सवय होती. आम्हा ख्रिस्ती लोकांत ताट समोर आल्यावर देवाचे आभार मानतात; बाबा ताट येण्याआधीच मानत. लष्करी सामानाच्या कारखान्यात ते टर्नर होते. सुट्टीत चहावाला लांब फाटकाशी असतानाच लेथजवळ यांची मान खाली गेलेली असे. त्यांच्या शेजारच्या मशीनवरचे शुक्लाजी त्यांना 'पादरी' म्हणत. एकदा चहा यांच्यापर्यंत पोचायच्या आत संपला. शुक्लाजी ओरडले, "लो पादरी, अब धन्यवाद वापस ले लो!"

"काहे को? कल की चाय का हो गया," बाबा म्हणाले. आणि मग त्यांचे नेहमीचे वाक्य, "मिलने के बाद तो कुत्ता भी पूँछ हिलाता है, भैया."

डॉक्टरांकडून आले त्या संध्याकाळी त्यांनी प्रार्थना केली, "बापा, रूथला बरं केलंस म्हणून तुझी उपकारस्तुती करतो." 'बरं कर' नाही, 'केलंस'. आई खाटेवरून म्हणाली, "आभार तुम्ही मानून राहिले, कडू औषध मी पिऊन राहिली. वाटणी बरी आहे." बाबा हसले. तीही हसली. तेव्हा तिला अजून हसता येत होते.

लढाई थोड्या दिवसांत थांबली, पण कारखान्यातल्या बारा तासांच्या पाळ्या थांबल्या नाहीत. बाबा पहाटे जात आणि दिवस मावळल्यावर येत. तेलाच्या वासाने आईला मळमळे, म्हणून ते थंडीतही अंगणातच कपडे बदलत आणि राखेने कोपरापर्यंत हात घासत. मग आत येऊन तिचे पाय मांडीवर घेऊन बसत. एवढ्या मायेच्या माणसाने एका गोष्टीला मात्र घरात जागा दिली नाही. मरणाचे नाव काढायचे नाही.

आई एकदा म्हणाली, "अहो, माझ्या मागं सरूचं..."

"मागं-पुढं काही नाही रूथ. ईस्टरला तू तुझ्या पायानं चर्चला जाशील."

"मला बोलू तर द्या जरा."

बाबांनी गीताचे पुस्तक उघडले आणि गाऊ लागले. आई गाणे संपेपर्यंत थांबली, दुसरे सुरू झाल्यावर तिने डोळे मिटले. ते कामावर गेल्यावर मला म्हणाली, "तुझ्या बाबांचा देवावर विश्वास आहे गं. माझ्या दुखण्यावर नाही."

डिसेंबरात तिला पाण्याखेरीज काही गिळता येईना. तेव्हा तिने प्रभुभोजन मागितले, चर्चमध्ये प्रभूच्या आठवणीत घेतात ती भाकर आणि द्राक्षारस. भाकरीचा तुकडा जिभेवर भिजवून घेईन, म्हणाली. पाळकांना बोलवा. बाबा म्हणाले, "घरी येऊन देतात ते मरणाऱ्याला. तू चर्चमध्ये घेशील, सगळ्यांबरोबर."  मी बाबांच्या बाजूने होते. मी बी.ए.च्या वर्गात होते, पुस्तके पुष्कळ वाचली होती, आणि आई मरणार हे मला कळत होते. पण बाबा नाही म्हणत होते तोवर मलाही नाही म्हणता येत होते.

एका बुधवारी दुपारी पाळक आपणहून आले. दाराशी सायकल टेकवली, हँडलला छोटी काळी पिशवी होती. "सरू बेटा, आईला प्रभुभोजन देऊन जातो."

मी दारातच उभी राहिले. आतून आईचा आवाज आला, "पाळकसाहेब आले काय? या म्हण ना त्यांना."

त्यांना आत घेतले असते तर आई मरणार हे खरे झाले असते, असे मला वाटले. मी हळूच म्हणाले, "बाबांना विचारून सांगते."

म्हाताऱ्या पाळकांनी हँडलची पिशवी नीट केली. मग म्हणाले, "अच्छा. रविवारी येतो," आणि त्यांनी सायकल वळवली.

मी आत गेले. आईने उशीवरून मान उचलली होती. "काहून गं?"

"घाईत होते," मी म्हणाले.

शुक्रवारी सकाळी आई गेली. बाबा तिला पाणी पाजत होते. चमचा बराच वेळ त्यांच्या हातात तसाच होता.

पुरल्यानंतर तिसऱ्या दिवशी बाबा कामावर गेले. चर्च त्यांनी सोडले नाही. रोज सकाळी बायबल उघडत, एक अध्याय मोठ्याने वाचत आणि बंद करत. त्यानंतर प्रार्थना करत नसत. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसत. प्रभुभोजनाला सगळे पुढे जात, तेव्हा बाजूच्या लोकांना जाता यावे म्हणून हे पाय आखडून घेत आणि बसून राहत. पाळकांनी दोनतीनदा बोलावले, मग बोलावणे सोडले.

बऱ्याच वर्षांनी मी विचारले, "बाबा, पुढं काहून जात नाही तुम्ही?"

ते म्हणाले, "तिला मी घेऊ दिलं नाही, सरू. माझ्या घशाखाली कसं उतरंल?"

तेव्हा सांगायला हवे होते. प्रभुभोजन तिच्या दारापर्यंत आले होते, आत ती ते मागत होती, आणि परत पाठवणारे तुम्ही नव्हता, मी होते. मी त्यांचा कप उचलला आणि धुवायला नेला. त्यानंतर ते नऊ वर्षे जगले. त्यांना लिहिता-वाचता येत होते, ऐकू येत होते, आम्ही दोघेच एका घरात होतो.

बाबा गेले. पाळक त्यांच्या आधी गेले. त्या बुधवारी आमच्या दाराशी कोण आले होते, हे माहीत असलेली आता मी एकटी आहे.