पातळ ऑइल

जळलेल्या ऑइलचा वास आला की मला चिखलदऱ्याचा घाट आठवतो. तेव्हा मी अमरावतीच्या एका गॅरेजात कामाला होतो. घाटातल्या शर्यतीसाठी आलेल्या गाडीचं इंजिन मी एकट्याने महिनाभर खपून बांधलं. क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरता दांडा, आणि त्याचं बेअरिंग यांच्यातली फट मुद्दाम थोडी सैल ठेवली, कारण चढावर इंजिन खूप तापणार होतं. अशा फटीला जाड ऑइल लागतं, पातळ त्यातून निसटून जातं, हे मालकाला दोनदा सांगितलं. पण गाडीवाला आला तेव्हा मालक माझ्यादेखत म्हणाला, "सारं म्या सोता बसवलं. हा तं फक्त नटबोल्ट धुते." शर्यतीच्या सकाळी धुक्यात मालक इंजिनात पातळ ऑइलचा डबा ओतताना दिसला, पातळ ऑइलने गाडी मोकळी पळते म्हणे. मी जवळ गेलो तसा तो सगळ्यांसमोर खेकसला, "काय पाहून राहिला बे? तुले काय समजते त्यातलं?" "काई नाई, मालक," म्हणून मी कठड्यावर जाऊन बसलो. पाचव्या वळणावर इंजिन खडखडलं आणि जाम झालं. गाडीवाल्याने मालकाची कॉलर धरली, "तुनंच बसवलं ना बे?" मालक केविलवाणा होऊन माझ्याकडे पाहत राहिला. मी मान वळवली. आज अकोल्यात माझं स्वतःचं गॅरेज आहे. एक शब्द बोललो असतो तर माझ्याच हातचं इंजिन वाचलं असतं, हे मला कळतं. तरीही तो चेहरा आठवला की अजून बरं वाटतं.