बॉनेटवरचा पोचा

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. तिठ्यावर उतारा दिसला तर त्यातलं लिंबू चांगलं आहे का, एवढंच मी बघायचो.

आमचं घर वसईत, होळी बाजाराजवळ, माडांच्या वाडीतच. वाडीतला माणूस माडाखाली खाटसुद्धा टाकत नाही. मी मात्र लेकीच्या, ऋतुजाच्या, लग्नाच्या गडबडीत आमची जुनी मरून रंगाची गाडी माडाखाली लावली... आणि बॉनेटवर नारळाएवढा पोचा पाडून घेतला. मधोमध ओरखडा. गॅरेजवाल्याचा भाव ऐकून मी सरळ घरी आलो आणि ओरखड्यावर बायकोची, सुनीताची, मरून नेलपॉलिश फासली.

शनिवारी तीच गाडी घेऊन मेव्हण्याकडे, प्रशांतकडे, विरारला पत्रिका द्यायला गेलो. बेसमेंटमध्ये त्याच्या नव्याकोऱ्या पांढऱ्या गाडीशेजारी लावली. निघताना त्याच्या बॉनेटवरून कौतुकाने हातही फिरवला. आरशासारखं गुळगुळीत होतं.

रविवारी दुपारी व्हिडिओ बघून उरलेला उद्योग केला. पोच्यावर कढत पाणी ओतलं, मोरीचा रबरी पंप दाबला आणि ओढला. टक्! पोचा गायब. नेलपॉलिशही गेली — पाण्याने गेली असेल, म्हटलं.

"आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी नीट केलंत," सुनीता म्हणाली.

संध्याकाळी प्रशांत आला. गाडीतून उतरून नुसतं स्वतःच्या बॉनेटकडे बोट केलं. नारळाएवढा पोचा. मधोमध मरून पट्टा.

"भाऊजी, माझी नवी गाडी बघवली नाही का?"

"अरे, मी कशाला..."

"मग काल हात कोण फिरवत होतं?"

सुनीताने वाकून पट्टा निरखला. "ही माझीच शेड आहे," ती म्हणाली. झालं. बायकोच फितूर.

"ऋतुजाच्या मागे दुसरा मामा उभा करा," एवढं बोलून तो गेला. तिला दुसरा मामाच नाही. पोरगी न जेवता झोपली.

पुढचे दिवस मी त्याला समजावत होतो. बेसमेंटमध्ये माड नसतो, हे सांगितलं. आईची शपथ घेतली. शेवटी वैतागून फोन केला, "हो, मीच केलं. नेलपॉलिशही मीच लावली."

"पण का?"

याचं उत्तर मी तयारच केलं नव्हतं. "जळलो रे," म्हटलं.

मामा आला. अंतरपाटाशी भाचीच्या मागे उभा राहिला, माझ्यापेक्षा जास्त रडला. मी मात्र दोन्हीकडच्या पाहुण्यांत 'तो जळका' म्हणून ओळखला जाऊ लागलो. व्याह्यांनी त्यांची गाडी पार गल्लीच्या टोकाला नेऊन लावली.

आज प्रशांत परत आलाय. "तुमचा काढलात तसा माझा काढून द्या, मग मिटलं." मुकाट्याने पाणी तापवलं, ओतलं, पंप दाबून धरला. तेवढ्यात ऋतुजा आणि जावई जेवायला आले. जावयाने आपली नवी गाडी नेमकी शेजारी आणून लावली.

माझे हात तिथेच थांबले.

"ओढा की, भाऊजी," प्रशांत म्हणाला.

पाणी गार झालं असं सांगून मी आत आलोय आणि हे लिहितोय. पोचा तिकडे कसा गेला, मला आजही माहीत नाही. कुणाला काही सुचत असेल तर लवकर सांगा... सगळे अंगणात उभे आहेत, आणि आतलं पाणी उकळायला लागलंय.